भोंग्याला उठणारा माणूस

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर मी आहे, पण फायर ड्रिलचा भोंगा वाजला की लोक आधी चहा संपवतात. मी "यल्ला, यल्ला", चला चला करत घसा कोरडा करतो; ड्रिल संपली की "खलास" म्हणून सगळ्यांना सोडतो. वेल्डिंगच्या व्हिएतनामी फोरमनची माणसं मात्र तोवर मैदानात रांगेत उभी असतात. तो ओरडत नाही. हातातला घास ताटात ठेवून उठतो, की त्याच्यामागे सगळे उठतात. बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी कँटीनमध्ये विचारलंच, हे जमतं कसं? साठीचा माणूस, कधी 'मैं' म्हणत नाही, 'हम'च म्हणतो. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं, लहानपणी हनोईत लढाई चालू होती. गल्लीत खांबावर सरकारचा भोंगा होता, दिवसभर बोलणारा. तो सांगेल तेव्हा खंदक खणायचे, तो सांगेल तेव्हा गाणी म्हणायची. कोण आलं नाही ते शेजारीच वर कळवायचे. मग त्या घराचा रेशनचा तांदूळ कमी व्हायचा.

"आप भी बताते थे?"

तो भात चिवडत राहिला. "हम सब," म्हणाला.

परवा भोंगा चुकून वाजला. मी हसत हातानेच सगळ्यांना परत पाठवलं. चहा घेऊन बाहेर आलो तर तो एकटा भर उन्हात उभा.

"आपने खलास नहीं बोला," तो म्हणाला.

"खलास."

तो लगेच गेला. इतके दिवस मला त्याचा हेवा वाटायचा. आता त्या खांबावरच्या भोंग्याचा वाटतो.