हरकतीवरची सही

आमच्या गावाचा मला राग येतो, आणि गावात मीही आलोच.

कोल्हापूरला अगदी खेटून आमचं गाव. शहरात घरं पुरेनात, म्हणून आसपासच्या गावांनी थोडी थोडी वाटून घ्यावीत, असा आराखडा निघाला. आमच्या वाट्याला ओढ्यापलीकडच्या माळावर लहान घरांचं आरक्षण आलं, स्वतःचं घर नसलेल्यांसाठी. झालं, गाव पेटलं. घरफाळा वाढणार, जमिनी जाणार, शहराची घाण इकडं येणार, असं जो तो ओरडायला लागला. माळाचा मालक म्हणजे गावचा पुढारी. सगळ्यात मोठा आवाज त्याचा. हरकतीचा मजकूर लिहून घ्यायला तो आराखड्याचा नकाशा घेऊन माझ्याकडं आला. मी निवृत्त शिक्षक, अक्षर चांगलं, आणि कुणी मान दिला की हुरळणारा. पानभर सणसणीत मजकूर लिहून दिला. त्याच्या झेरॉक्स काढून घरोघर सह्या घ्यायचं कामही मीच केलं.

त्या सह्यांत चाचांची सही होती. चाचा म्हणजे आमच्या गावचे गवंडी. माझं घर त्यांनी बांधलं, निम्म्या गावाचं बांधलं, आणि स्वतः बायकोमुलांसह पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहिले. त्यांना लिहिता यायचं ते फक्त स्वतःचं नाव. हातावरचं सिमेंट टॉवेलाला पुसून ते म्हणाले, "मास्तर, तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच असणार की." कागदात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला सह्या जास्त हव्या होत्या, बस्स.

सुनावणीला आम्ही टेम्पो भरून गेलो. एकेकाला पुकारत होते. चाचांची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यानं विचारलं, तुमची किती जमीन जाते? भाड्याच्या खोलीत राहतो, असं चाचांनी सांगितल्यावर आमचीच माणसं मागं फिदीफिदी हसली. अधिकारी हसला नाही. भिंतीवरच्या नकाशाकडं बोट करून त्यानं सांगितलं, की ही घरं तुमच्यासारख्यांसाठीच आहेत.

चाचा नकाशाजवळ गेले. वाचता येत नसलं तरी नकाशा त्यांना माझ्याहून चांगला कळायचा. सगळं आयुष्य त्यावरच गेलं होतं. ओढा, पूल, माळ, असं त्यांचं बोट फिरत गेलं आणि आरक्षणाच्या पट्टीवर थांबलं. मग माझ्याकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्यो नकाशा तुमच्याकडं हुता?"

होता. माझ्या कपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

हरकत मागं घेता का, असं अधिकाऱ्यानं विचारलं. चाचांनी मागं बसलेल्या गावाकडं पाहिलं. त्यांचं सगळं काम त्याच माणसांकडं होतं. "ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. मी उठून सांगायला हवं होतं, की ही सही मी न सांगता घेतलीय, खोडून टाका. मी खुर्चीला चिकटून बसलो. त्या बसण्याची मला आजही चीड येते.

आरक्षण उठलं. पुढाऱ्यानं त्याच माळाचे गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडले आणि शहरातल्या भर वस्तीचं नाव घालून 'राजारामपुरीपासून दहा मिनिटांवर' असा फलक लावला. गावात कुणी चकार शब्द काढला नाही. शहर आलं म्हणून गळा काढणारेच आता तिथं बंगले बांधतायत. चाचांची खोली तिच्या मालकानं पाडली. ते दोन बस बदलून लांबून येतात आणि त्याच माळावर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करतात.

गेल्या महिन्यात गच्चीवर एक खोली चढवायला मी त्यांना बोलावलं. या वेळी नकाशा आधी पुढं ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, मोरी कुठं घ्यायची ते विचारलं, जिना बाहेरून कशाला तेही विचारलं. मग म्हणाले, "ह्यात ऱ्हाणार कोण, मास्तर?"

भाडेकरू, हे सांगायला माझी जीभ रेटेना.