पोटाशी घ्यायचं

श्रावण तायडे टरबुजांच्या गाडीवर चढला की अमरावतीच्या फळबाजारात त्याच्या कामात कोणी तोंड घालत नसे. माणूस वलगावचा. उन्हाळाभर गाड्या उतरवायचं काम त्याच्याकडे. तो वरून टरबूज फेकणार, खालचा माणूस झेलणार आणि वळून मागे पसरलेल्या कुटारावर, म्हणजे भुशावर, अलगद ठेवणार. नियम एकच होता. ज्याच्या हातून टरबूज फुटलं त्याने त्या दिवसापुरतं मुकाट्याने बाजूला व्हायचं. एकदा त्याने हा नियम बायकोला, म्हणजे चतुराबाईला लावला. पुढचे दोन दिवस त्याला अळणी भाजी खावी लागली, पण नियम काही बदलला नाही.

त्यांची मुलगी शकुन दहाव्या वर्षी गाडीखाली उभी राहिली. आधी लहान फळं, मग मोठी.

"त्याले अडवू नको," श्रावण वरून सांगायचा. "येऊ दे अन् पोटाशी घे. हात कडक केले का फुटलंच समज."

शकुनने सहा उन्हाळे झेललं आणि एकही फोडलं नाही. श्रावणला याचं फार कौतुक होतं, पण ते बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कधी तो नुसती मान हलवायचा, आणि शकुनला तेवढ्यावर आठवडा काढता यायचा.

छप्पन साली घर बौद्ध झालं. आता पोरगी शिकलीच पाहिजे असं श्रावणने मनावर घेतलं. मॅट्रिक झाल्यावर शकुन अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेऊ लागली आणि एकसष्ट साली थेट इंग्लंडला गेली. तिकडच्या दवाखान्यांना नर्सेस हव्या होत्या. निघताना चतुराबाई धाय मोकलून रडली. श्रावण एवढंच म्हणाला, "हात नरम ठेव."

मँचेस्टरजवळच्या दवाखान्याच्या वसतिगृहात एके दिवशी वरच्या फळीवरून कोबीचा गड्डा सुटला. शकुनने जागच्या जागी वळून तो पोटाशी घेतला. जोन नावाची दांडगी नर्स ते बघत होती. ती बायांच्या फुटबॉल संघाची कप्तान होती आणि तिची गोलकीपर नुकतीच लग्न करून गेली होती. रविवारी शकुन गोलात उभी! क्लबांची मैदानं तिकडे बायांना बंद होती, म्हणून हा संघ बागेतल्या मोकळ्या जागेवर खेळायचा. विहिरी बंद असतात हे शकुनला लहानपणापासून ठाऊक होतं. साहेबाच्या देशात मैदानं बंद असतात हे ऐकून तिला हसू आवरेना.

पहिल्याच सामन्यात चेंडू जोरात आला. शकुनने तो अडवला नाही, येऊ दिला आणि पोटाशी घेतला. टाळ्या पडल्या. मग सहा उन्हाळ्यांच्या सवयीने ती कमरेत वळली, वाकली आणि चेंडू मागे अलगद ठेवला. मागे कुटार नव्हतं, गोलाची रेघ होती. शिट्टी वाजली. इतक्या प्रेमाने स्वतःवर गोल करणारी गोलकीपर त्या गावाने पाहिली नव्हती. लोक पोट धरून हसले.

शकुन मात्र कोणी न सांगता मैदानाबाहेर जाऊन उभी राहिली. जोनने हाका मारल्या, पण ती जागची हलली नाही. पुढचे रविवारही ती खेळायला गेली नाही. तिला तो खेळ आवडला होता, जिवापाड आवडला होता, आणि म्हणूनच चुकल्यावर परत उभं राहायची तिला लाज वाटत होती. शेवटी तिने सगळं बापाला लिहिलं.

महिन्याने उत्तर आलं. अक्षर शाळामास्तरचं होतं, शब्द श्रावणचे. "फुटलं का? नाही ना? मंग बाजूले काहून झाली? मांगं ठेवाचं नसन तर पुढं ठेव. जागा सोडू नको."

शकुनने जागा सोडली नाही. पाच वर्षं ती त्या संघाच्या गोलात उभी राहिली. संघाबरोबर जर्मनीला गेली, पोर्तुगालला गेली. तिथे हजारोंची गर्दी असायची, तरी तिचे हात नरमच राहिले. प्रत्येक सामन्याची हकिगत वलगावला जायची आणि मास्तर ती पारावर वाचून दाखवायचा.

फक्त एक गोष्ट तिने लिहिली नाही. सहासष्टच्या हिवाळ्यात गोलाच्या खांबावर आपटून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. हाडं जुळली, पण बोटं पुन्हा वळली नाहीत. सरावात दोनदा चेंडू हातून निसटला तेव्हा तिने हातमोजे काढून जोनच्या हाती दिले. या वेळी तिला कोणी अडवलं नाही.

सदुसष्ट साली ती परतली आणि अकोल्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली. एप्रिलमध्ये सुट्टी काढून ती अमरावतीच्या बाजारात गेली, तर श्रावण गाडीवरच होता. केस पांढरे झाले होते, हात तेच होते. खाली पुंजाराम झेलत होता. तो श्रावणच्या हाताखालचा जुना हमाल.

"ये, उभी राय," श्रावण म्हणाला. पुंजाराम हसून सरकला.

नाही कसं म्हणायचं? सगळा बाजार बघायला गोळा झाला होता. विलायतेत झेलून आलेली पोरगी! शकुनने पदर खोचला आणि उजवा हात डाव्याखाली लपवून उभी राहिली. बापाला कळू नये एवढीच तिची धडपड होती. सात टरबुजं नीट गेली. आठवं बोटांवरून घसरलं आणि तिच्या पायाशी फुटलं.

सगळे श्रावणकडे बघत होते. शकुनने पदर सोडला आणि ती बाजूला निघाली.

"थांब." श्रावण गाडीवरून उतरला. त्याने तिचा उजवा हात हातात घेतला, ती दोन ताठ बोटं एकदा चाचपली आणि सोडून दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू काहून चालली? फेक माह्यी वाकडी गेली."

आणि तो स्वतः बाजूला जाऊन बसला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. गाडीवर पुंजाराम चढला. शकुन गाडी रिकामी होईपर्यंत डोळे पुसत झेलत राहिली.

बापाची फेक सरळ तिच्या पोटावर आली होती.