वडिलांनी मागे घेतलेला पाय
वेलक्रोचा पट्टा चर्रकन सुटला की मला नाशिकमधली ती फिजिओथेरपीची खोली आठवते. पंचवटीत झेंडू विकणाऱ्या माझ्या वडिलांचा डावा पाय अर्धांगवायूने लुळा पडला होता. तिथल्या मॅडम त्यांच्या कमरेला आणि पायांना एक यंत्र बांधायच्या. गुडघ्याशी बारीक घूं घूं व्हायचं आणि यंत्र तो पाय उचलून अलगद पुढे ठेवायचं. मी श्वास रोखून बघत राहायचे. पट्टे लावायला मॅडम खाली वाकल्या की वडील मात्र ओशाळायचे. "मॅडम, पायाला हात नका लावू. शिकलेली माणसं तुम्ही, मला पाप लागंल." मॅडम हसायच्या, "काका, पाया नाही पडत, पट्टा लावतेय." एके दिवशी यंत्र काढून वडील खुर्चीत बसले होते. खाली पडलेला पट्टा उचलायला मॅडम त्यांच्या पावलांशी वाकल्या. "नाय नाय!" म्हणत वडिलांनी झटकन पाय मागे घेतला. डावा पाय. मॅडमनी वाकल्या वाकल्याच वर बघत विचारलं, "काका, आता खरंच पाया पडू का?" वडील आपल्याच पावलाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते. यंत्राने मेंदूला चालण्याची सवय पुन्हा कशी लावली, हे आता कॉलेजात शिकल्यामुळे मला थोडंफार सांगता येतं. पण तो पाय आपणहून पहिल्यांदा हलला तो दुसऱ्याचा मान राखायला, हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.