विहिरीवरचं सिम

वारूळवाडीच्या त्या आळीत कुणाचंही ईमेलचं काम निघालं की लोक शीलाकडं येत. कुणाचा विमा, कुणाचा दाखला, कुणाच्या सुनेचा अर्ज. घरच्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर ती चुटकीसरशी करून द्यायची. घरात ईमेलचं खातं एकच, आणि ते कधी पासवर्डही विचारत नसे. त्यामुळं ते कुठंही असंच उघडेल, अशी तिची ठाम समजूत. दोघा-तिघांना तिनं तसं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

आज मात्र काम तिचं स्वतःचं होतं. बारावीनंतर वीस वर्षं संसारात गेलेल्या शीलाला जुन्नरच्या एका संस्थेतून ऑफिसातल्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं ईमेलवर आलं होतं. पत्र छापून आणा, बारानंतर कुणालाही आत घेणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. घरी प्रिंटर नव्हता. जुन्नरला दुकानांना काय तोटा, म्हणून बाई हात हलवत एसटीत बसली. चांगला फोन लेक हर्षाली कॉलेजला जाताना घेऊन गेली होती. हिच्या पर्समध्ये साधा बटणांचा.

बदरुद्दीनभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात तिनं पासवर्ड टाकला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पडद्यावर आलं, हे ठिकाण ओळखीचं नाही, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे. नंबरचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस.

तो नंबर शीलाच्या नवऱ्याच्या, भरतच्या जुन्या फोनचा. फोन बिघडला, पण सिम चालू होतं, म्हणून त्यानं ते विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये टाकलं होतं. फोन लावून एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. म्हणजे कोड गेला होता थेट विहिरीवरच्या पेटीत, आणि तिथं तो वाचायला कोण बसलंय!

"नवी जागा दिसली की ते असंच अडवतं, ताई," बदरुद्दीनभाई म्हणाले. "घरी कुणी नाय का?"

घरी लॅपटॉप होता, पण भरतनं त्याला कधी हात लावला नव्हता. तिनं त्याला फोन केला. "अवो, स्टार्टरमधलं सिम काढून तुमच्या फोनात घाला. कोड आलाय, तेवढा वाचून दाखवा."

"आत्ता? टोमॅटोला पाणी चाललंय, मोटार बंद करावी लागंल. दोनला लाईट जाईल, मग काढतो."

"बाराला दार बंद व्हतंय."

"मग पुढच्या बारीला बघू की," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती पायरी उतरली, परत चढली. साडेअकरा. रागानं तिचे कान तापले. दोन तास पाणी लांबलं तर टोमॅटो मरणार नव्हते. रोपं तिनंच लावली होती, तिला ठाऊक होतं.

मग तिनं सत्तेचाळीसचाच नंबर लावला. रोज सकाळी चहा ठेवता ठेवता मोटार चालू करायला ती तो लावायची. आज तिनं दोन दाबलं.

"मोटार बंद झाली आहे," पलीकडून यंत्रातली बाई बोलली. वीस वर्षांत घरातलं चालतं काम शीलानं असं कधी थांबवलं नव्हतं. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

दोन मिनिटांत भरतचा फोन आला. "शीला, मोटार बंद पडली. लाईट तर हाय."

"पडली न्हाई. मी बंद केली. आता सिम काढा, नवा कोड मागवते."

फोन कट झाला. पाच मिनिटं गेली, सात गेली. पुढचा फोन आला तो सत्तेचाळीसवरून. भरतनं एकेक आकडा सावकाश वाचला.

पत्र हातात पडलं तेव्हा बाराला दहा कमी होते. बाजारपेठेतून ती जवळजवळ पळतच निघाली. फाटकाशी पोचते तोच फोन परत वाजला.

"पोचलीस का?"

"पोचले."

"सिम परत घालू, का अजून कोड लागंल?"

"माझं व्हईपर्यंत राहू द्या," ती म्हणाली, आणि पत्र शिपायाच्या हातात देऊन आत गेली.