शुभंकरच्या बाणांचे नॉक

अलोऱ्याच्या आमच्या कॉलनीत निम्मी क्वार्टर्स रिकामी. त्यामुळे गप्पा मारायला माणसं कमी आणि माणसांबद्दल गप्पा मारायला वेळ भरपूर. त्यात पहिला नंबर समोरच्या गुरुप्रसादभावजींचा. जन्मभर पोफळीच्या पॉवरहाउसात नोकरी केली आणि रिटायर होताना डावा कान तिथेच ठेवून आले. उजव्याला फक्त सोयीचं ऐकू येतं, असं मी म्हणते. ते त्यांना ऐकू येत नाही.

मुलगा शुभंकर शाळेत असताना तिरंदाजी करायचा. पुढे नोकरीला ठाण्याला गेला, धनुष्य तिकडेच कुणाला तरी विकलं. इथे राहिले फायबरग्लासचे सहा बाण. भावजी ते पुसायचे, शेपटीचा नॉक चिरला की नवा बसवायचे. नॉक म्हणजे दोरीवर बसते ती प्लास्टिकची खाच. "येल गणपतीत, मारील दोन-चार," म्हणायचे. गणपतीत शुभंकर यायचा आणि मोबाइल बघत पडायचा. भावजींची आशा मात्र तशीच.

यंदा आमच्या लेकीची, अक्षयाची, तिरंदाजीची निवड चाचणी आली आणि शाळेच्या बाणांच्या दांड्यांना चिरा पडलेल्या. मी तिला घेऊन सरळ समोर गेले.

"भावजी, लग्नाच्या मुलीसारखे बाण घरात ठेवलेत. उजवून टाका की आता!"

"शुभंकरला इचारतो," म्हणाले. कानामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर, म्हणजे चोरून ऐकायचीही सोय नाही.

"कुठले बाण, बाबा? ते अजून आहेत? द्या, नाहीतर टाकून द्या. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

भावजींनी फोन टेबलावर उपडा ठेवला. तोंडावर काही नाही. लाइट बिल वाचतानाही याहून जास्त काही दिसतं.

"धनुष्य आण गो," ते अक्षयाला म्हणाले.

बाण दोरीवर लावला तर जोर करून दाबावा लागला. अक्षयाची दोरी जाड.

"चालेल काका. सवय होईल मला."

"नाय. घट्ट बसला की सुटताना अडकतो, मग बाण जाईल खयच्या खय."

त्यांनी डबा काढला. त्यात वेगवेगळ्या खाचांचे नॉक. एक सुटाच दोरीवर लावला, तर तो आपोआप गळून पडला. "हा ढिला. दोरी खेचतानाच निसटायचा." दुसरा लावला. दोरीला लटकून राहिला. दोरीवर बोटाने टिचकी मारली, तेव्हा पडला.

"असाच पायजे. बसताना टक् वाजला काय, वहिनी?"

"वाजला. पोफळीपर्यंत ऐकू गेलं."

ते हसले नाहीत.

मग एकेक जुना नॉक ब्लेडने उभा चिरून काढला, दांडीला ब्लेड लागू न देता. राहिलेला गोंद खरवडला, पॉलिश पेपरने घासलं, पुसलं. थेंबभर नवा गोंद, नवा नॉक. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला येईल असा फिरवून धरला. बाण टेबलावर गोल फिरवून शेपूट डुगडुगत नाही ना, तेही बघितलं. हात सरावाने चालले होते. माणूस मात्र तिथे नसल्यासारखा.

तिसऱ्या बाणाला मला राहवेना. "आणि शुभंकरला परत लागले तर?"

"त्याची दोरी बारीक होती," भावजी म्हणाले आणि चौथा घेतला.

होती. मी आपली चहाच्या कपातली साय काढत बसले. इतक्या वर्षांत त्या घरात गप्प बसायची माझी पहिलीच वेळ असावी. अक्षयाने दोनदा माझ्याकडे बघितलं, आईला बरं नाही की काय म्हणून.

सहाही वाळले. अक्षयाने एकेक दोरीवर लावून पाहिला. सगळे सारखे बसत होते. पोरगी खुलली.

"काका, चाचणी झाली की लगेच परत आणून देते हां."

"नको," ते म्हणाले. "आता ते तुझ्याच दोरीचे."

बोटांना गोंद चिकटला होता. ते मोरीत गेले आणि नळ सोडून हात चोळत उभे राहिले. "भावजी, येतो आम्ही," मी दोनदा ओरडून सांगितलं. मग आम्ही दार ओढून घेतलं.