वल्ह्यावाचून गाणं

पूल झाला आणि नावाड्याची होडी काठाला लागली ती कायमचीच. पोटासाठी तो गाण्याच्या शाळेच्या दारात राखणदार म्हणून बसू लागला. आत बाई नावाड्यांचंच गाणं रागात बांधून, तबल्याच्या ठेक्यावर शिकवायच्या. एकदा त्यांनी त्याला कौतुकानं सतरंजीवर बसवलं. "काका, तुमचं मूळचं म्हणून दाखवा ना."

त्यानं तोंड उघडलं, पण सूर फुटेना. मोकळ्या हातांनी हे गाणं त्यानं जन्मात म्हटलं नव्हतं. वल्हं ओढलं की ओळ आपोआप यायची. मुलं चुळबुळ करू लागली. "राहू द्या काका," बाई हळूच म्हणाल्या.

घरी येऊन त्यानं कपडे वाळत घालायला बांधलेलं वल्हं खस्सकन ओढलं. ओले कपडे मातीत पडले.

"मामा, अहो हे काय!" सून धावली.

"गप्प बस!"

अंगणात बसून तो हवेतच वल्हं मारू लागला. हवा मेली पाण्यासारखा जोर कसली धरतेय! पार घामाघूम झाल्यावर एकदाचं गाणं ओठांवर आलं.

"किती गोड! हेच का तुमचं?" सुनेनं विचारलं.

त्यानं वल्हं खाली ठेवलं. ते गाणं बाईंचं होतं, रोज दारात बसून कानावर पडलेलं. त्याचं स्वतःचं त्याला काही केल्या आठवेना.