लाल उजेडातली उंदरीण

सांगलीला आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत भर दुपारी रात्र असते. उंदीर जागे रात्री, आपण दिवसा. म्हणून तिथले दिवे उलटे लावलेत. दिवसा अंधार आणि कोपऱ्यात एक मंद लाल दिवा. तो उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही म्हणे. त्या उजेडात मी स्टुलावर बसायचे आणि व्यालेली उंदरीण पिल्लांना चाटते का, ते बघायचे. ठरलेल्या वेळी पिंजऱ्याकडं बघायचं. चाटत असेल तर कागदावर रेघ, नसेल तर टिंब. झालं काम. आईनं चाटलेली पिल्लं पुढं कमी घाबरतात, असं आमचे सर सांगायचे.

बाहेर चैत्राचं ऊन तापत असायचं आणि आत भुशाचा, दुधाचा वास. पिल्लं दूध ओढतानाचा बारीक चुटचुट आवाज ऐकत डोळे जड व्हायचे. मग वाटायचं, आपण वडूजच्या माळावर वडलांच्या, आबांच्या, मेंढरांत बसलोय आणि सूर्यच लाल होऊन थांबलाय.

बाळंतपणाची रजा संपवून मी नुकतीच कामावर आले होते. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली, मग घरी आली. सोबतीला माझी आई आली. येईल तो म्हणायचा, बघ की, कसली गोड हाय! मी बघायचे. पाजायचे, न्हाऊ घालायचे, सगळं वेळच्या वेळी. पण आत काही हलायचंच नाही. शेजारणीनं सांभाळायला दिलेलं बाळ वाटायचं. हे असंच राहिलं तर? लय भ्यायले होते मी. आणि सांगणार कुणाला, कप्पाळ!

त्यात एक उंदरीण अशी भेटली की पिल्लांकडं ढुंकून बघेना. पिल्लं गुलाबी, उघडी, वळवळणारी. ही लांब कोपऱ्यात आपल्याच मिशा पुसत बसलेली. टिंब, टिंब, परत टिंब. मधे हात घालायचा नाही, असा नियम. एका दुपारी माझं डोकंच सटकलं.

"अगं बये, चाट की! तुझीच हाईत न्हवं ती?"

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. पेन ठेवलं आणि तिथंच रडत बसले. तिचं आपलं मिशा पुसणं चालूच.

घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं, उंदरिणीचं आणि माझंही. ती मेथी निवडत होती. तिचा हातसुद्धा थांबला नाही.

"मग त्यात काय एवढं! पैलारू मेंढी, पयल्यांदाच व्यालेली, कवाकवा कोकराला हुंगत बी न्हाई. तवा तुजं आबा काय करायचं? कोकराच्या अंगाला मीठ चोळायचं. मिठाच्या चवीनं ती चाटाय लागती, आन् चाटता चाटता आई हुती."

"आन् न्हाईच चाटली तर?"

"चाटती गं. येळ लागतो एकेकीला."

ती उठली, झोळीतून पोरीला काढलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. लाईट गेली होती, पंखा बंद. पोर उकाड्यानं चिंब झालेली. मी रोजच्या सवयीनं तिच्या कपाळाला ओठ टेकवले. खारट लागलं.

"आये, मीठ चोळलंस व्हय गं हिला?"

"काय बी बोलतीस! घाम हाय त्यो."

मी परत ओठ टेकवले. मग कानामागं. मग मानेच्या वळीत. तिथं तर लयच खारट होतं.